देव चांगला आहे, मग हे असं का? (आणि सांत्वनाला गेल्यावर काय बोलू नये)

माझ्या मामाचा मुलगा एकोणीस वर्षांचा असताना गेला. टू-व्हीलरवरून घरी येताना, रस्त्यातच. दफनविधीनंतर तिसऱ्या दिवशी घरी सांत्वनाची प्रार्थना होती तेव्हा मी मामीच्या शेजारी सतरंजीवर बसलो होतो. दोन तासांत पन्नास-साठ माणसं येऊन गेली असतील आणि प्रत्येक जण काहीतरी बोलून गेला. "देवाची मर्जी." "यातनंही प्रभू काहीतरी चांगलंच करेल बघा." "तुमच्या विश्वासाची परीक्षा आहे ताई." "देवाला चांगली फुलं लवकर लागतात." एक जण तर बाहेर व्हरांड्यात, पण आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला की पोरगा हल्ली चर्चला येत नव्हता. मामी कुणालाच काही बोलली नाही. सगळे गेल्यावर मला एवढंच म्हणाली, "फुलं लागतात तर बागेत जा म्हणावं."

मी काही थिऑलॉजी शिकलेला माणूस नाही, रविवारी संडे स्कूलची पोरं सांभाळतो एवढंच. पण त्या दिवसानंतर या विषयावर जे हाताला लागेल ते वाचत गेलो आणि हळूहळू लक्षात आलं की त्या खोलीत लोक जे बोलले ते प्रत्येक वाक्य म्हणजे दोन हजार वर्षांत कुणा ना कुणा मोठ्या माणसाने मांडलेला एकेक विचार आहे, फक्त घासून घासून गुळगुळीत झालेला. तर ते विचार काय आहेत, कुठपर्यंत चालतात आणि कुठं अडतात ते सरळ सांगायचा प्रयत्न करतो.

आधी प्रश्न नीट मांडू. ख्रिस्ती माणूस तीन गोष्टी एकदम मानतो. देव सर्वशक्तिमान आहे, देव पूर्ण चांगला आहे, आणि जगात दुःख आणि दुष्टपणा खरोखर आहे, तो भास नाही. यातल्या कुठल्याही दोन धरल्या की तिसरी हातातून निसटते. देवाला थांबवता येत नसेल तर तो सर्वशक्तिमान कसला, आणि येत असून थांबवत नसेल तर चांगला कसला. एपिक्युरस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर हा प्रश्न सांगतात, म्हणजे ख्रिस्ताच्याही आधीपासूनचा आहे.

आता आपल्या आजूबाजूला बघा. आपल्याकडे याचं एक उत्तर पिढ्यानपिढ्या चालत आलंय, करावे तसे भरावे, या जन्मात हिशोब लागत नसेल तर मागच्या जन्मात बघा. त्यावर मी इथं वाद घालत नाही, त्या विचाराचं स्वतःचं गणित आहे. पण ख्रिस्ती श्रद्धेत जन्म एकच, देव एकच, आणि त्यानेच हे सगळं प्रेमाने निर्माण केलं असं आपण दर रविवारी उभं राहून म्हणतो. मागच्या जन्माच्या खात्यावर ढकलायची सोय नाही. दुसरा कुणी तेवढ्याच ताकदीचा वाईट देव आहे असंही म्हणता येत नाही, कारण सैतान म्हटला तरी आपल्याकडे तो निर्मिलेलाच, देवाच्या बरोबरीचा नव्हे. म्हणून बिल फिरून फिरून देवाच्याच टेबलावर येतं.

गंमत म्हणजे धर्म बदलला तरी आपल्या तोंडातलं "काय पाप केलं होतं कुणास ठाऊक" काही जात नाही, आणि हे फक्त मराठी ख्रिस्ती लोकांचं आहे असंही नाही. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात येशूचे शिष्य एका जन्मांध माणसाकडे बोट दाखवून अगदी हेच विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? तो माणूस समोर उभा आहे, आंधळा आहे, बहिरा नाही, सगळं ऐकतोय, आणि हे त्याच्यादेखत चर्चा करतायत. येशू म्हणतो, दोघांचंही नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात यरुशलेमात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याची बातमी आहे, तिथंही येशू विचारतो की ती अठरा माणसं बाकीच्या शहरापेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच नाही म्हणतो. व्हरांड्यातल्या त्या गृहस्थांनी हे दोन अध्याय निदान पन्नास वेळा ऐकलेले असणार.

कुणी म्हणेल की पवित्र शास्त्रात पापामुळे संकट येतं असंही लिहिलंय. लिहिलंय, त्यातलं नीतिसूत्रांचं पुस्तक तर त्यानेच भरलेलं आहे. पण ते एकाच दिशेने वाचायचं असतं, पापाकडून संकटाकडे, उलटं नाही. दारू पीत राहिलं की लिव्हर जातं हे खरं, म्हणून लिव्हर गेलेला प्रत्येक जण दारुडा नसतो.

बरं, मग अभ्यासू लोकांचं सगळ्यात लोकप्रिय उत्तर कोणतं, तर मोकळीक. देवाला बाहुल्या नको होत्या, प्रेम करणारी माणसं हवी होती, आणि प्रेम जबरदस्तीने होत नाही, त्यासाठी नाही म्हणायची मुभा लागते. ती मुभा दिली की तिच्यातच काईन आपल्या सख्ख्या भावाला, हाबेलला, मारणार हेही आलं. १९५५ मध्ये जे. एल. मॅकी नावाच्या तत्त्वज्ञाने मांडलं की चांगला आणि सर्वशक्तिमान देव मानणं आणि जगात वाईट आहे हेही मानणं हे तर्कातच बसत नाही, आणि मग १९७० च्या दशकात अल्विन प्लँटिंगा या अमेरिकन ख्रिस्ती तत्त्वज्ञाने याच मोकळिकीच्या आधारावर दाखवून दिलं की बसतं, विसंगती नाही, कारण खरी मोकळीक द्यायची आणि तिचा वापर मात्र नेहमी चांगलाच होईल अशी व्यवस्थाही आपणच करायची हे एकदम जमत नाही, मग करणारा देव का असेना. तर्काच्या बाजूने हे बरंच पक्कं मानलं जातं. पण लक्षात घ्या, "विसंगती नाही" एवढंच ते सांगतं. अमुक माणसाबरोबर असं का झालं हे ते सांगतच नाही, प्लँटिंगाचा तसा दावाही नव्हता.

मला यात कायम एक गोष्ट खुपते. शिकाऱ्याने मारलेल्या पक्षिणीची ती कविता आपल्यातल्या कितीतरी जणांनी शाळेत पाठ केलीय, जखमी झालेली आई पिल्लांसाठी चारा घेऊन कशीबशी घरट्याकडे निघते ती. लिहिणारे ना. वा. टिळक, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले आपले रेव्हरंड टिळक. त्या कवितेत मोकळीक शिकाऱ्याची आणि किंमत पक्षिणीची. आमच्या पोराच्या बाबतीतही तेच, दारू पिऊन गाडी चालवायची मोकळीक दुसऱ्याची होती. मोकळिकीचं उत्तर चुकीचं नाही, पण ते ज्याने केलं त्याच्याबद्दल बोलतं, ज्याच्यावर आलं त्याच्याबद्दल गप्प बसतं.

आणि जिथं कुणाचीच मोकळीक नाही तिथं काय? भूकंप कुणी करत नाही.

१ नोव्हेंबर १७५५, पोर्तुगालचं लिस्बन शहर. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्च खच्चून भरलेली, वेदीवर मेणबत्त्या लावलेल्या. भूकंप झाला, चर्चची छतं भाविकांवरच आली, मेणबत्त्यांच्या आणि चुलींच्या आगी शहरभर पसरून कित्येक दिवस जळत राहिल्या, आणि जी माणसं मोकळी जागा म्हणून नदीकडे पळाली त्यांच्यावर समुद्राच्या लाटा आल्या. तोपर्यंत युरोपातले विद्वान लायब्निझ या जर्मन तत्त्वज्ञाच्या १७१० च्या पुस्तकातला विचार बऱ्यापैकी मानत होते, की शक्य असलेल्या सगळ्या जगांमध्ये देवाने सगळ्यात चांगलंच जग निवडलंय. लिस्बननंतर ते वाक्य कुणाला सरळ तोंडाने म्हणवेना. व्हॉल्टेअर या फ्रेंच लेखकाने तर त्याची यथेच्छ टर उडवली. पण मला या गोष्टीत व्हॉल्टेअरपेक्षा गॅब्रिएल मालाग्रिडा हा जेझुइट धर्मगुरू जास्त आठवतो. त्याने भूकंपानंतर पत्रक काढून सांगितलं की ही पापांची शिक्षा आहे, उगाच नैसर्गिक कारणं शोधू नका, पश्चात्ताप करा. लोक ढिगाऱ्यातून माणसं काढतायत आणि हा सांगतोय गुडघे टेका. (पुढं १७६१ मध्ये त्यालाच पाखंडी ठरवून मारलं, पण ती राजकारणाची वेगळी भानगड आहे.)

आपल्याला लिस्बनला जायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या जरा आधी, किल्लारी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून दमून गावं झोपलेली, आणि त्या झोपेतच हजारो माणसं गेली. माणसं मेली ती बहुतेक घरांखाली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड छत, उन्हाळ्यात गार राहणारी घरं, तीच अंगावर आली.

इथं काही ख्रिस्ती विचारवंत एक मुद्दा मांडतात जो मला पटतो, निदान डोक्याला. जॉन पोल्किंगहॉर्न म्हणून केंब्रिजमध्ये फिजिक्सचे प्रोफेसर होते, ती नोकरी सोडून ते अँग्लिकन पाळक झाले. त्यांचं म्हणणं असं की देवाने जशी माणसाला मोकळीक दिली तशी निसर्गालाही त्याच्या नियमांनी चालायची मोकळीक दिली. पेशींमध्ये बदल होतात म्हणून तर साध्या जीवांपासून इथपर्यंत आपण आलो, आणि त्याच बदलातून कॅन्सरही होतो, एक ठेवा आणि दुसरं काढा असं करता येत नाही. मला यातून पुढचं सुचतं ते असं की जो वजनाचा नियम भिंत उभी ठेवतो तोच ती पाडतो, आणि दर वेळी कुणी रडलं की नियम थांबला तर पायाखालच्या जमिनीवर, तव्याखालच्या विस्तवावर कशावरच भरवसा ठेवता येणार नाही, मग चांगुलपणाही करता येणार नाही, कारण मदत करायलासुद्धा दोरी दोरीसारखीच वागावी लागते. ठीक आहे. पण मग येशूने वादळ शांत केलं ते कसं, हा पोरांचा प्रश्न माझ्या संडे स्कूलमध्ये दर वर्षी येतो, आणि एकदा थांबवू शकतो तर दुसऱ्यांदा का नाही याचं उत्तर मला पोल्किंगहॉर्नमध्येही मिळालेलं नाही.

"परीक्षा आहे ताई" या वाक्याचाही बाप मोठा आहे. दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियस म्हणायचा की आदाम-हव्वा म्हणजे पूर्ण झालेली माणसं नव्हतीच, लहान लेकरांसारखी होती, वाढायची होती, आणि वाढणं म्हणजे ठेचा खाणं. विसाव्या शतकात जॉन हिक या तत्त्वज्ञाने हाच धागा पुढं नेला, हे जग सुखाचं रिसॉर्ट नाही, माणूस घडवायची जागा आहे. यात तथ्य आहे, धीर, करुणा, क्षमा या गोष्टी दुःखाशिवाय शिकल्याच जात नाहीत, सोसलेल्या माणसाची माया वेगळीच असते हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण दुःखाने जेवढी माणसं घडतात तेवढीच मोडतात. आणि दोन वर्षांच्या पोराला ब्लड कॅन्सर झाला तर त्यात त्या पोराचं काय घडतं? ज्याला शिकायला वेळच मिळत नाही त्याची परीक्षा कसली? आई घडावी म्हणून लेकरू वापरलं असं म्हणायचं असेल तर तो देव मला नको, आणि शुभवर्तमानातला देव तसा नाहीच.

याच दुकानातला सगळ्यात वाईट माल म्हणजे "विश्वास कमी पडला". हल्ली मोठमोठ्या सभा होतात, स्टेजवरून सांगतात विश्वास धरा, बरे व्हाल, आणि बरा झाला नाही की दोष आजारी माणसाच्या माथी. आधीच किमोने डोक्यावरचे केस गेलेत, वर विश्वासही कमी. पौल म्हणजे ख्रिस्ताचा मोठा प्रेषित, त्याला शरीरात कसला तरी काटा होता, नेमका काय ते लिहिलेलं नाही, तो काढून टाक म्हणून त्याने तीन वेळा प्रभूला विनवलं आणि तिन्ही वेळा काटा तिथंच राहिला, उत्तर मिळालं ते "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच. आता पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची हिंमत आहे का? वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशू म्हणाला, हा प्याला माझ्यापासून टळू दे. टळला नाही.

आता ईयोब. या विषयावर पवित्र शास्त्रात बेचाळीस अध्यायांचं अख्खं पुस्तक आहे आणि आपण त्यातले पहिले दोन आणि शेवटचा वाचून "ईयोबासारखा धीर धरा" म्हणतो. मधले अध्याय वाचा, तिथं धीर कुठं सापडतो ते मला दाखवा. सात हजार मेंढरं, तीन हजार उंट, सात मुलगे, तीन मुली, सगळं एका दिवसात गेलेला माणूस, अंगभर गळवं, राखेत बसून खापराने अंग खाजवतोय, आणि तिसऱ्या अध्यायात तोंड उघडतो तेच आपल्या जन्माच्या दिवसाला शाप द्यायला. पुढं तो देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. माझा गुन्हा काय ते लेखी दे म्हणतो. (त्याच्या बायकोला आपण प्रवचनात नेहमी व्हिलन करतो, ती "देवाला शाप दे आणि मर" म्हणाली म्हणून, पण दहा लेकरं तिचीही होती हे कुणी बोलत नाही.)

त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर. लांबून येतात, त्याला ओळखूही येत नाही इतका तो बदललेला असतो, मोठ्याने रडतात, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक शब्द न बोलता. तिथपर्यंत उत्तम माणसं होती ती. मग बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. देव न्यायी आहे, तुझ्यावर संकट आलंय, म्हणजे तू काहीतरी केलंच असणार, कबूल करून टाक. फिरवून फिरवून, कवितेत, उपमा देऊन, पण म्हणणं एवढंच. सगळे देवाची बाजू घेऊन बोलतात बरं का! देवाच्या विरुद्ध बोलणारा एकटा ईयोब.

आणि शेवटी अडतिसाव्या अध्यायात वावटळीतून देव बोलतो तेव्हा तो कारण सांगत नाही. पहिल्या अध्यायात स्वर्गात देव आणि सैतान यांच्यात ईयोबाला पारखायची जी बोलणी होतात ती ईयोबाला शेवटपर्यंत कुणी सांगतच नाही, ती फक्त आपल्याला, वाचणाऱ्याला माहीत असतात. देव उलट विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठं होतास, रानशेळ्या कधी वितात तुला ठाऊक आहे का, शहामृग असं का वागतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता, हे काय उत्तर झालं का, पोरं मेलीत आणि हा शहामृगाच्या गोष्टी सांगतोय. पण बेचाळिसाव्या अध्यायाचं सातवं वचन बघा. देव अलीफजला म्हणतो, माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोन मित्रांवर पेटलाय, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं बरोबर बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. म्हणजे देवाची वकिली करणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला! त्या खोलीतल्या सगळ्या वाक्यांसमोर मामीचं ते बागेचं वाक्य ठेवून बघा.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. तुकोबांच्या घरात दुष्काळाने माणसं नेली आणि नंतर ते विठ्ठलाशी किती भांडले, जनाबाई तर विठोबाला सरळ शिव्या घालते, आणि ती भक्तीच. रेव्हरंड टिळक म्हणायचेच की तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. पवित्र शास्त्रातल्या दीडशे स्तोत्रांमधलीही कितीतरी स्तोत्रं म्हणजे निव्वळ तक्रार आहे, किती काळ परमेश्वरा, तू तोंड का लपवतोस. बहुतेक स्तोत्रं शेवटी जरा वळतात, आशेवर येतात, पण ८८ वं वळत नाही, ते अंधारातच संपतं. ज्यांनी हा संग्रह केला त्यांनी तेही काढून टाकलं नाही. आपण मात्र ते उपासनेत वाचत नाही.

ईयोबाच्या शेवटाबद्दल माझी एक तक्रार आहे ती सांगून टाकतो. मेंढरं दुप्पट मिळाली, चौदा हजार, उंट सहा हजार, ठीक आहे. आणि पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली. पण पहिली दहा? ती मेलेलीच. लेकरू काय उंट आहे का बदलून मिळायला?

या तक्रारीला ईयोबाच्या पुस्तकात उत्तर नाही. ख्रिस्ती माणूस म्हणतो की उत्तर पुढं आहे, आणि ते स्पष्टीकरण नाही, घटना आहे. देव वावटळीतून बोलायचा थांबला आणि स्वतः राखेत येऊन बसला. बेथानीत येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा येशू चार दिवस उशिरा पोचला, लाजरच्या बहिणी मार्था आणि मरीया दोघींनी एकच टोमणा मारला, प्रभू तू इथं असतास तर आमचा भाऊ मेला नसता. त्याने त्यांना रागावलं नाही. आणि पाच मिनिटांत आपण याला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही तो रडला. "येशू रडला", दोन शब्दांचं वचन. त्यामुळे "रडू नका, तो प्रभूकडे गेला" असं सांगणाऱ्यांनी आधी प्रभूला सांगावं.

मग वधस्तंभ. शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी तो ओरडला, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस?" हे बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वचन आहे, म्हणजे मरतानाही तो तक्रारीच्याच स्तोत्राच्या भाषेत बोलला. आणि वरून काहीही उत्तर आलं नाही. ख्रिस्ती श्रद्धा जर म्हणत असेल की हा माणूस म्हणजे खुद्द देव, तर मग "का?" हा प्रश्न देवानेच देवाला विचारलाय, आणि गप्प राहणं काय असतं ते त्याने आतून सोसलंय. जगातल्या कुठल्याही दुःखाचं कारण यातून कळत नाही. पण एक शक्यता यातून बंद होते, की देवाला आपल्याशी देणंघेणं नाही. डिट्रिक बॉनहोफर हा हिटलरच्या विरोधातला जर्मन पाळक तुरुंगात होता, त्याने १९४४ च्या जुलैत तिथून मित्राला लिहिलं की जो देव स्वतः सोसतो तोच मदत करू शकतो. पुढच्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिली. वर बसून बटण दाबून त्याला कुणी सोडवलं नाही.

हे ऐकून कुणी म्हणेल, ठीक आहे, देव बरोबर रडतो, पण रडून काय होतं, बुडणाऱ्याला हात हवा, बरोबर बुडणारा नको. बरोबर आहे. म्हणून पंडिता रमाबाईंबद्दल सांगतो. १८७४ च्या सुमाराला मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, मग आई, मग बहीण उपासमारीने गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. भाऊ श्रीनिवासबरोबर अनवाणी हिंदुस्थानभर फिरल्या, झेलमच्या काठी थंडीत अंगावर घालायला नव्हतं म्हणून दोघांनी खड्डे करून स्वतःला वाळूत पुरून रात्र काढली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता गोष्ट "आणि मग सगळं छान झालं" अशी हवी होती ना? तशी नाही. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा ही बाई तिथं गेली आणि उपाशी पोरींना घेऊन आली, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, पुढच्या दुष्काळात शेकडो बायका-पोरी तिथं आल्या. दुष्काळ म्हणजे काय हे तिला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. देवाने तिचे आईबाप या कामासाठी नेले असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं म्हणजे पुन्हा अलीफज. एवढंच म्हणेन की ज्या उपासमारीत ती स्वतः मरता मरता राहिली त्याच उपासमारीत ती परत गेली, तव्यासकट. आणि १९२१ मध्ये, जिच्या हाती सगळं काम सोपवायचं ती मनोरमाही गेली. रमाबाई तेव्हा साध्या मराठीत अख्खं पवित्र शास्त्र भाषांतर करण्याच्या शेवटच्या टप्प्यावर होत्या. म्हणजे ईयोबही त्यांनी एकेक शब्द मराठीत आणलेला. एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या.

उरलं पुनरुत्थान. ख्रिस्ती माणसाच्या हिशोबात ईयोबाची पहिली दहा लेकरं परत मिळायला हवीत, बदली नव्हे, तीच. प्रकटीकरणात लिहिलंय की देव डोळ्यांचा प्रत्येक अश्रू पुसून टाकील. पुसून टाकील, "अश्रू का आले ते समजावून सांगील" असं लिहिलेलं नाही, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. लोक याला पोस्ट-डेटेड चेक म्हणतात आणि मी ते हसण्यावारी नेत नाही, चेक वटेपर्यंत तो कागदच असतो. ख्रिस्ती माणूस ज्या एका गोष्टीवर तो चेक खिशात ठेवतो ती म्हणजे ईस्टरची सकाळ, येशू कबरेतून उठला ती. आणि तिथंही बघा, उठलेल्या येशूच्या हातावर खिळ्यांचे व्रण तसेच होते, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने तेच दाखवले. नवं शरीर मिळालं तरी जखमा खोडल्या नाहीत. जे झालं ते झालंच नाही असं देवही म्हणत नाही.

आमच्या मंडळीत ईस्टरला पहाटे कबरस्तानात उपासना असते. अंधारातच जायचं, कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या, सूर्य वर येताना गायन. पहिली दोन वर्षं मामी आली नाही. तिसऱ्या वर्षी आली, पण गायनाच्या वेळी तोंड मिटून उभी राहिली, अजूनही तशीच उभी राहते. या वर्षी उपासना संपल्यावर पाळकसाहेब जवळ येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत (नवीन आहेत, शहाणे आहेत), तेव्हा मामीच त्यांना म्हणाली, "साहेब, वर गेल्यावर मी आधी दारातच विचारणारे, तेव्हा असं का केलंस ते सांग, मगच आत येते."

पाळकसाहेब म्हणाले, "विचारा ताई. फक्त रांग मोठी असेल."

मामी हसली. मग पिशवीतून खराटा काढून पोराच्या कबरीवरचा पाला झाडायला लागली.